नॅनोमीटरभर जाडीची मॅग्नेटिक फिल्म कशी वाढवायची: मराठवाड्यातून सुरुवात करणाऱ्यांसाठी

एमएस्सी फिजिक्स झालंय, संभाजीनगरला नाहीतर नांदेडला पीएचडीला नाव लागलंय, गाईडनं "मॅग्नेटिक थिन फिल्म कर" म्हणून विषय दिलाय आणि आता नेमकं कुठून हात घालायचा ते कोणी सांगेना, अशांसाठी हे लिहायलोय. पेपरमध्ये हे सगळं दोन ओळीत उरकलेलं असतं, अमुक मशीनवर तमुक प्रेशरला फिल्म केली, बस. त्या दोन ओळींच्या पोटात नवीन माणसाचं आख्खं पहिलं वर्ष जातं. मी याच रस्त्यानं गेलोय, स्पटरिंगवर (व्हॅक्यूममध्ये आर्गॉनचे आयन धातूच्या चकतीवर, म्हणजे टार्गेटवर आपटून तिचे अणू सॅम्पलवर बसवायची पद्धत) कोबाल्ट-प्लॅटिनमच्या फिल्म करूनच थिसिस केला, त्यामुळं जे हातानं केलंय तेच सांगतो.

हे कशासाठी करायचं ते आधी थोडक्यात. १९५६ साली आयबीएमची पहिली हार्ड डिस्क आली तेव्हा त्या कपाटाएवढ्या मशीनमध्ये ५ एमबी डेटा बसायचा. आज तळहातावर मावणाऱ्या डिस्कमध्ये कित्येक टीबी बसतो, आणि यात मोठा वाटा मॅग्नेटिक थर पातळ करण्याचा आणि त्याची मॅग्नेटायझेशनची दिशा आडवी न ठेवता उभी, म्हणजे पृष्ठभागाला लंब, करण्याचा आहे. उभी बिट असलेल्या डिस्क २००५ पासून बाजारात आल्या. तिकडं एमरॅम म्हणून मेमरी आहे, लाईट गेली तरी डेटा जात नाही अशी, तिच्यात कोबाल्ट-आयर्न-बोरॉनचा जेमतेम सव्वा नॅनोमीटरचा थर असतो आणि त्याला लागून मॅग्नेशियम ऑक्साइड. जपानच्या तोहोकू युनिव्हर्सिटीतल्या हिदेओ ओहनोंच्या ग्रुपनं २०१० मध्ये दाखवलं की हा थर पुरेसा पातळ केला की दिशा आपोआप उभी राहते. म्हणजे जाडी कमी करणं हा नुसता जागा वाचवायचा प्रकार नाही, जाडी कमी झाली की मटेरियलचा स्वभावच बदलतो.

आणि एक गोष्ट आत्ताच डोक्यात फिट करून घ्या, पुढची सगळी खबरदारी तिच्यातूनच निघते. कोबाल्टच्या दोन अणुथरांमधलं अंतर साधारण ०.२ नॅनोमीटर, म्हणजे १ नॅनोमीटरची फिल्म म्हणजे पाच अणुथर. त्यातला एक खालच्या मटेरियलला चिकटलेला, एक वरच्याला. आतमध्ये उरले फक्त तीन. मग अशा फिल्मचं चांगलं-वाईट सगळं त्या दोन काठांवर ठरतं आणि तुमचं खरं काम काठ स्वच्छ ठेवायचं आहे.

१. पहिली फिल्म कोणती करायची

नवीन पोरांना आल्याआल्या टू-डी मॅग्नेट (एकेका थरापर्यंत सोलता येणारे मॅग्नेटिक क्रिस्टल) करायचे असतात. समजू शकतं, विषय गाजतोय. २०१७ मध्ये क्रोमियम ट्रायआयोडाइडचा एकच थर मॅग्नेटिक राहतो हे दाखवलं गेलं, पण ते साधारण ४५ केल्विनला, म्हणजे खोलीच्या तापमानाला त्याचा मॅग्नेटिझम नसतोच, आणि हवा लागली की ते खराब होतं. आयर्न-जर्मेनियम-टेल्युराइड २२० केल्विनच्या आसपासपर्यंत टिकतं, आयर्न-गॅलियम-टेल्युराइड मात्र खोलीच्या तापमानाच्याही वर जातं. पण यांचे चांगले क्रिस्टल वाढवायला सील केलेली क्वार्ट्झ ट्यूब आणि दिवसचे दिवस चालणारी दोन झोनची फर्नेस लागते, वर थर सोलायला ग्लोव्हबॉक्स (हवा आत न येऊ देणारी, बाहेरून ग्लोव्हजमध्ये हात घालून काम करायची बंद पेटी). तुमच्याकडं ग्लोव्हबॉक्स नसेल तर या वाटेला पहिल्या वर्षी जाऊ नका, हे माझं स्पष्ट मत आहे.

सुरुवात करा प्लॅटिनम/कोबाल्ट/प्लॅटिनमपासून. ही सिस्टिम १९८० च्या दशकापासून लोक करतात, स्पटरिंगनं होते, हवेत टिकते, खोलीच्या तापमानाला उभा मॅग्नेटिझम देते आणि चुकलं तर कुठं चुकलं ते कळतं. स्पटरिंगला कमी समजू नका. जीएमआर (फील्ड लावलं की पातळ मॅग्नेटिक थरांचा रेझिस्टन्स खूप बदलतो तो परिणाम) १९८८ मध्ये सापडला (त्यासाठी फेर आणि ग्रुनबर्गना २००७ चं नोबेल मिळालं) तेव्हा त्या फिल्म एमबीईसारख्या महागड्या पद्धतीनं वाढवलेल्या होत्या, पण थोड्याच वर्षांत आयबीएममधल्या स्टुअर्ट पार्किननी तोच परिणाम साध्या स्पटरिंगच्या फिल्ममध्ये दाखवला आणि तिथून तो इंडस्ट्रीत गेला.

पहिली रेसिपी अशी धरा, खालून वर: सिलिकॉन (वर ऑक्साइड), टँटलम ३, प्लॅटिनम ३, कोबाल्ट ०.८, प्लॅटिनम २. सगळे आकडे नॅनोमीटरमध्ये.

टँटलम कशाला, असं सगळे विचारतात. जमीन सारवायच्या आधी खालचं चोपून सपाट केलं नाही तर सारवण सारखं बसत नाही, तसंच हे. टँटलम ऑक्साइडला घट्ट चिकटतं, त्याच्यावर प्लॅटिनम योग्य दिशेनं वाढतं (याला १११ टेक्श्चर म्हणतात) आणि त्या दिशेवरच कोबाल्टला उभा मॅग्नेटिझम येतो. टँटलम गाळलं तर फिल्म होईल, पण लूप (फील्ड विरुद्ध मॅग्नेटायझेशनचा ग्राफ) तिरका येईल आणि कशामुळं ते शोधण्यात दिवस जातील.

२. मशीन कुठं, कागद कोणते

आपल्या भागात चांगली अल्ट्रा हाय व्हॅक्यूम स्पटरिंग सिस्टिम प्रत्येक डिपार्टमेंटला नसते, हे खरं आहे. पण त्यामुळं काम अडत नाही. फिल्म एका ठिकाणी वाढवा, मोजमाप दुसरीकडं करा, सगळे असंच करतात. तीन रस्ते सांगतो.

आय-स्टेम पोर्टल: देशभरातली सरकारी पैशातून घेतलेली मशीन यावर नोंदवलेली असतात, शोधायचं आणि स्लॉट मागायचा. शोधताना "स्पटरिंग" एवढंच टाकलं तर कार्बन कोटिंगवाली मशीनसुद्धा येतात, म्हणून बेस प्रेशर (गॅस सोडायच्या आधी चेंबर किती खाली जातं ते) आणि टार्गेट किती लागतात ते वाचूनच अर्ज करा.

आयएनयूपी: केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालयाची स्कीम, आयआयएससी आणि आयआयटी बॉम्बेसारख्या ठिकाणच्या नॅनोफॅब लॅब बाहेरच्या पोरांना वापरायला मिळतात. आधी ओळख वर्कशॉप, मग हातानं काम करायचं वर्कशॉप, मग स्वतःचा प्रोजेक्ट.

यूजीसी-डीएई सीएसआर, इंदूर: युनिव्हर्सिटीतल्या लोकांसाठीच काढलेली संस्था आहे. मॅग्नेटिझमच्या मोजमापाला आपल्यासाठी सगळ्यात सोयीची, संभाजीनगरहून रात्रीच्या बसनं सकाळी इंदूर.

अर्जाला लागणारे कागद एकाच फोल्डरमध्ये स्कॅन करून ठेवा, ऐनवेळी पळापळ होते:

- पीएचडी रजिस्ट्रेशनचं पत्र आणि आयडी कार्ड
- गाईडचं शिफारसपत्र, लेटरहेडवर, सही-शिक्क्यासकट
- एक पानी प्रपोजल: काय वाढवणार, काय मोजणार, किती सॅम्पल, किती तापमान, किती फील्ड
- सॅम्पलमध्ये कोणकोणते एलिमेंट आहेत त्याची यादी (विषारी किंवा लवकर वाफ होणारं काही असेल तर व्हॅक्यूमवाले नाही म्हणतात, ते लपवू नका)
- फेलोशिपचं पत्र असेल तर ते, सारथी, बार्टी, महाज्योती, सीएसआयआर जी असेल ती. प्रवासाचा आणि चार्जेसचा खर्च कशातून दाखवायचा ते क्लार्कला आधीच विचारून घ्या

प्रपोजलमध्ये "मॅग्नेटिक प्रॉपर्टीज स्टडी करणार" असं मोघम लिहू नका. "५ बाय ५ मिलिमीटरची सहा सॅम्पल, ३०० केल्विन, अधिक-उणे १ टेस्ला, फिल्मला समांतर आणि लंब दोन्ही दिशा" असं लिहिलं की वाचणाऱ्याला कळतं या पोराला काय पाहिजे ते, आणि वेळ मिळायची शक्यता वाढते.

३. सामान

डिपार्टमेंटमध्येच मशीन असेल तर खरेदी तुमच्या गळ्यात पडणार. जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर वस्तू मिळत नसेल तर तसा रिपोर्ट काढावा लागतो, मग कोटेशनं, मग कंपॅरेटिव्ह. याला महिने लागतात, म्हणून टार्गेट आणि गॅस सगळ्यात आधी मागवा.

कोबाल्टचं टार्गेट: शुद्धता ९९.९५ टक्के तरी, आणि जाडी १ ते २ मिलिमीटर, जास्त नको. हा सापळा लई जणांना माहीत नसतो. मॅग्नेट्रॉन चालतो तो टार्गेटच्या मागच्या मॅग्नेटचं फील्ड पुढं येऊन प्लाझ्मा धरून ठेवतं म्हणून. टार्गेटच मॅग्नेटिक असलं की फील्ड तेच गिळतं, जाड असेल तर प्लाझ्मा पेटतच नाही. विकणारे सवयीनं ३ मिलिमीटरचं पाठवतात, म्हणून ऑर्डरमध्ये जाडी ठळक लिहा.

प्लॅटिनमचं टार्गेट: २ इंची, १ मिलिमीटर जाडीचं म्हटलं तरी साधारण ४३ ग्रॅम भरतं, म्हणजे दहा ग्रॅमचा तोळा धरला तर चार तोळ्यांच्या वर. कुलपात ठेवा, रजिस्टरला वजन लिहून ठेवा. झिजलं तर फेकू नका, उरलेल्या प्लॅटिनमला भाव मिळतो. बजेट नसेल तर पॅलेडियम किंवा सरळ टँटलम/कोबाल्ट-आयर्न-बोरॉन/मॅग्नेशियम ऑक्साइडचा विचार करा, पण त्याला ऑक्साइडसाठी आरएफ सप्लाय लागतो आणि नंतर ३०० अंशाच्या आसपास अनिलिंगही.

आर्गॉन: वाळूज, चिकलठाण्याच्या एमआयडीसीत आर्गॉनचे सिलिंडर सहज मिळतात, पण बहुतेक वेल्डिंगसाठीचे असतात. "साहेब, प्युअरच आहे" यावर जाऊ नका, ९९.९९९ टक्क्यांचं सर्टिफिकेट सिलिंडरसोबत मागा. कारण हिशोब करून बघा: आपण ३ मिलिटॉर आर्गॉनमध्ये फिल्म करणार. ९९.९९९ टक्के शुद्ध असेल तर घाण निघते ०.००००३ मिलिटॉर. ९९.९ टक्केवाला घेतला तर तीच घाण शंभरपट. म्हणजे रात्रभर पंप चालवून जो व्हॅक्यूम कमावला तो गॅसचा व्हॉल्व्ह उघडताच गेला.

बाकी किरकोळ: डायमंड स्क्राइबर, प्लास्टिकचे किंवा टायटॅनियमचे चिमटे (स्टीलचे नाही, का ते पुढं), ॲसिटोन, आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल), डीआय (आयन काढलेलं) वॉटर, नायट्रोजनची गन, पावडर नसलेले नायट्राइल ग्लोव्हज, जेल-पॅक किंवा वेफरच्या डब्या.

४. व्हॅक्यूम: इथं घाई केली तर पुढचं सगळं वाया

एक मापटं लक्षात ठेवा. १० चा उणे ६ वा घात टॉर एवढ्या प्रेशरला, येणारा प्रत्येक अणू चिकटला असं धरलं तर, कुठल्याही पृष्ठभागावर सेकंदभरात हवेचा एक आख्खा थर बसतो. उणे ७ ला दहा सेकंद, उणे ८ ला शंभर. आता आपला कोबाल्ट सेकंदाला ०.०३ नॅनोमीटर वेगानं पडत असेल तर ०.८ नॅनोमीटरला पंचवीस-सत्तावीस सेकंद लागतात. उणे ६ ला काम केलं तर तेवढ्या वेळात चार अणुथर कोबाल्टचे आणि पंचवीस थरांएवढी हवा-पाण्याची धडक, तो मग कोबाल्ट राहत नाही. म्हणून उणे ७ च्या खाली गेल्याशिवाय सुरूच करू नका, उणे ८ मिळाला तर उत्तम. घड्याळ बघून "झाले की चार तास" म्हणून शटर उघडणारे असतात, तुम्ही गेज बघून उघडा.

पावसाळ्यात आपल्याकडं वेगळाच त्रास. चेंबर उघडं राहिलं की भिंतींवर पाण्याची वाफ बसते आणि ती पंपानं निघता निघत नाही. उपाय असे: चेंबर कोरड्या नायट्रोजननं भरूनच उघडा, उघडं ठेवायचा वेळ कमीत कमी, सॅम्पल आणि होल्डर हाताशी तयार ठेवूनच दार उघडा, आणि नंतर हीटिंग टेप गुंडाळून १०० ते १२० अंशावर रात्रभर बेक करा. लोड-लॉक (सॅम्पल आत-बाहेर करायचं वेगळं छोटं चेंबर) असेल तर मेन चेंबर उघडायची वेळच कमी येते.

आरजीए (चेंबरमध्ये कोणते गॅस उरलेत ते त्यांच्या वस्तुमानाच्या नंबरनं दाखवणारं यंत्र) असेल तर ते बघायला शिका, अर्धं काम सोपं होतं. १८ नंबरला पीक मोठं म्हणजे पाणी, अजून बेक पाहिजे. २८ मोठं आणि सोबत ३२ पण दिसतंय, म्हणजे बाहेरची हवा आत येतेय, कुठंतरी लीक आहे. मग कितीही बेक करा, उपयोग नाही, फ्लँज आणि ओ-रिंग तपासा.

लाईट जाणं. याच्यावर वेगळं लिहायलाच पाहिजे. रोटरी पंप मध्येच बंद पडला आणि मध्ये आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह नसेल तर पंपातलं तेल उलटं लाईनीतून वर चढतं आणि चेंबरला तेलाची वाफ लागते. ती घाण काढायला आठवडे जातात. म्हणून दोन गोष्टी नक्की करा: रोटरीच्या लाईनीत लाईट गेल्यावर स्वतःहून बंद होणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह, आणि टर्बो पंपाचा कंट्रोलर व गेज यूपीएसवर. यूपीएसवर कोणी फ्रीज नाहीतर एसी लावत नाही ना तेही बघा. लॅबच्या मामांना हे नीट समजावून सांगा, कारण रात्री लाईट आली-गेली की तिथं तुम्ही नसता, ते असतात. टर्बो पूर्ण वेगात असताना व्हेंट कधीच करायचं नाही, वेग उतरू द्या.

चिलरमध्ये बोअरचं पाणी घालू नका. आपल्या भागातलं पाणी जड, मॅग्नेट्रॉनच्या बारीक नळीत क्षार बसतात, पाण्याचा फ्लो कमी होतो आणि मागचे मॅग्नेट तापून कमजोर होतात, आणि ते कायमचं नुकसान आहे. डिस्टिल्ड नाहीतर डीआय पाणी, बंद सर्किट. एप्रिल-मेमध्ये खोलीच ४० अंशाला जाते तेव्हा चिलर दम टाकतो, त्या दिवसात सकाळी लवकर डिपॉझिशन करा.

५. सबस्ट्रेट

थर्मल ऑक्साइडचं सिलिकॉन घ्या. स्क्राइबरनं मागच्या बाजूनं रेघ मारून तोडा, तोडल्यावर नायट्रोजननं चुरा उडवा. मग अल्ट्रासोनिकमध्ये ॲसिटोन पाच मिनिटं, आयपीए पाच मिनिटं, डीआय पाणी, आणि नायट्रोजननं सुकवणं. ॲसिटोनमधून काढून हवेत वाळू देऊ नका, डाग पडतो, ओला असतानाच आयपीएत टाका. दिव्याखाली तिरपं धरून बघा. इंद्रधनुष्यासारखा पट्टा दिसला तर परत धुवा. पिरान्हासारखी आम्लं सुरुवातीला लागत नाहीत, सीनियर ताई-दादा सोबत असल्याशिवाय करूही नका.

६. रेट काढणं

मशीनवरचा क्रिस्टल मॉनिटर जो आकडा दाखवतो तो तुमच्या सॅम्पलच्या जागेचा नसतो, मॉनिटरच्या जागेचा असतो. म्हणून प्रत्येक मटेरियलची आधी एक जाड फिल्म करा, ३० नॅनोमीटरच्या आसपास, आणि एक्स-रे रिफ्लेक्टिव्हिटी करून खरी जाडी काढा. कॉपरच्या एक्स-रेला (०.१५४ नॅनोमीटर) ३० नॅनोमीटरच्या फिल्ममध्ये लाटांमधलं अंतर टू-थीटामध्ये साधारण ०.२९ अंश येतं. लाटा जवळजवळ आल्या तर फिल्म जाड, लांब गेल्या तर पातळ. जाडी भागिले वेळ, झाला रेट. हा रेट टार्गेट झिजत जाईल तसा बदलतो, महिन्यातून एकदा तपासा.

रेट मुद्दाम कमी ठेवा, सेकंदाला ०.०२ ते ०.०५ नॅनोमीटरच्या मध्ये. कारण शटर उघडायला-मिटायला अर्धा-एक सेकंद इकडं-तिकडं होतोच. पंचवीस सेकंदाच्या डिपॉझिशनमध्ये एक सेकंद म्हणजे ४ टक्के, चालतंय. पाच सेकंदात उरकलं तर तीच चूक २० टक्के.

७. प्रत्यक्ष डिपॉझिशन

आदल्या दिवशी सॅम्पल लोड, रात्रभर पंपिंग, सकाळी गेजचा आकडा लॉगबुकमध्ये. मग:

आर्गॉन सोडा, ३ मिलिटॉर. प्लाझ्मा पेटत नसेल तर प्रेशर १०-१५ पर्यंत वर नेऊन पेटवा आणि परत खाली आणा. शटर बंद ठेवूनच प्रत्येक टार्गेट पाच-दहा मिनिटं प्री-स्पटर करा. व्होल्टेज हळूहळू सरकत असतं, ते एका जागी स्थिर झालं म्हणजे वरचा ऑक्साइड निघाला. कोबाल्टला हे टाळू नका. नंतर टँटलम, प्लॅटिनम, कोबाल्ट, प्लॅटिनम, एकामागं एक, मध्ये विनाकारण थांबायचं नाही. कोबाल्ट पडून झाला आणि तुम्ही फोन घ्यायला गेलात तर तेवढ्या वेळात त्याच्यावर काय बसतं ते वर सांगितलंच आहे.

वरचं प्लॅटिनम झाकण आहे. ते १ नॅनोमीटरपेक्षा कमी केलं तर सलग होत नाही, भोकं राहतात आणि हवेत काढल्यावर कोबाल्ट गंजतो. २ ठेवा.

जाडीची सिरीज पाहिजे असेल तर एक युक्ती: कोबाल्टच्या वेळेला सॅम्पलचं फिरणं बंद करा. टार्गेट तिरकं असतं, त्यामुळं जवळच्या टोकाला जास्त आणि लांबच्या टोकाला कमी पडतं, एकाच लांबट पट्टीवर पाचर तयार होते. बाकी सगळे थर एकाच वेळी झालेले असल्यामुळं तुलना एकदम खरी. नंतर पट्टीचे तुकडे करून कुठल्या टोकाचा कुठला ते मागच्या बाजूला कोरून ठेवा.

लॉगबुकला काय लिहायचं: बेस प्रेशर, आर्गॉन प्रेशर, पॉवर, व्होल्टेज, वेळ, सॅम्पल ते टार्गेट अंतर, खोलीतली ह्युमिडिटी, मागच्या वेळी चेंबरमध्ये काय केलं होतं. शेवटचं फार महत्त्वाचं, कोणी काल झिंक ऑक्साइड करून गेलं असेल तर तुम्हाला कळायला पाहिजे.

८. मोजमाप: सिग्नल आपल्या फिल्मचाच आहे का

इथं सगळ्यात जास्त लोक फसतात, छापून आलेल्या पेपरांतसुद्धा फसलेले सापडतात, म्हणून जरा सावकाश वाचा.

कोबाल्टचं सॅच्युरेशन मॅग्नेटायझेशन साधारण १४०० इएमयू दर घन सेंटीमीटर. ५ बाय ५ मिलिमीटरचं सॅम्पल, १ नॅनोमीटर जाडी, हिशोब केला तर पूर्ण मोमेंट येतो ०.००००३५ इएमयू. चांगल्या व्हीएसएमला (सॅम्पल हलवून मोमेंट मोजणाऱ्या मशीनला) हे दिसतं, पण काठावर. आता लोखंडाचा एक कण घ्या, कडेला २७ मायक्रॉनचा, डोक्याच्या केसाच्या निम्म्याहून कमी जाडीचा. त्याचा मोमेंट किती? तेवढाच. स्टीलच्या चिमट्यानं सॅम्पलची कड धरली, ब्लेडनं कापलं, टेबलावर लोखंडी धूळ होती (वर्कशॉप शेजारी असेल तर असतेच), की असा कण लागला. मग तुम्हाला सुंदर लूप दिसतो आणि तो कोबाल्टचा नसतोच. म्हणून प्लास्टिकचे चिमटे. म्हणूनच दर वेळी कोरं सबस्ट्रेट, त्याच पद्धतीनं धुतलेलं, कापलेलं, त्याच होल्डरवर लावलेलं, आधी मोजायचं. त्याच्यात लूप दिसला तर फिल्म मोजायला घेऊ नका, होल्डर साफ करा.

दुसरं म्हणजे सिलिकॉन स्वतः डायामॅग्नेटिक. अर्धा मिलिमीटर जाडीचं तेवढंच सॅम्पल १ टेस्लाला जवळपास तुमच्या फिल्मएवढाच सिग्नल उलट्या दिशेनं देतं. म्हणून कच्चा लूप दोन्ही टोकांना खाली कललेला दिसतो. घाबरायचं कारण नाही, जास्त फील्डच्या भागावरून सरळ रेषेचा उतार काढा आणि वजा करा. पण उतार काढताना फिल्म खरंच सॅच्युरेट झालेल्या भागातूनच काढा, नाहीतर फिल्मचाच सिग्नल वजा होतो.

तिसरं, स्क्विडवर (मोमेंट मोजायच्या आणखी नाजूक मशीनवर) मोठं फील्ड लावून परत शून्यावर आलात तर सुपरकंडक्टिंग मॅग्नेटमध्ये काही ओर्स्टेड फील्ड अडकून राहतं. मऊ फिल्मचा लूप त्यामुळं सरकलेला नाहीतर उलटाच दिसतो आणि पोरं त्याला एक्स्चेंज बायस (शेजारच्या अँटिफेरोमॅग्नेटिक थरामुळं लूप सरकणं) म्हणून मोकळी होतात. पॅलेडियमच्या स्टँडर्ड सॅम्पलनं फील्ड तपासा.

युनिट: १ टेस्ला म्हणजे १०,००० ओर्स्टेडच्या बरोबरीचं, आणि १ इएमयू म्हणजे ०.००१ ॲम्पियर मीटर वर्ग. एका ग्राफमध्ये दोन पद्धती मिसळू नका.

आणि आता माझा आवडता सल्ला. डिपार्टमेंटमध्ये मोके (फिल्मवरून परतलेल्या उजेडाचं पोलरायझेशन किती फिरलं ते बघून मॅग्नेटिझम ओळखायची पद्धत) उभं करा. लाल लेझर, दोन पोलरायझर, फोटोडायोड, लॉक-इन आणि एक इलेक्ट्रोमॅग्नेट, बहुतेक सामान एमएस्सीच्या लॅबमध्ये पडलेलं असतं. उभ्या मॅग्नेटिझमच्या प्लॅटिनम/कोबाल्ट/प्लॅटिनमला काहीशे ओर्स्टेडमध्ये लूप उलटतो. लेझरचा ठिपका फिल्मवरच पडतो, त्यामुळं कडेचा लोखंडी कण आणि मागचं सिलिकॉन दोन्ही त्याला दिसत नाहीत. मोके मोमेंटचा आकडा देत नाही, पण फिल्म उभी आहे की आडवी, लूप चौकोनी आहे की नाही, ते पाच मिनिटांत सांगतं. चांगली तेवढीच सॅम्पल मग इंदूरला न्यायची.

९. आकडे हातात आल्यावर

वेगवेगळ्या जाडीची सॅम्पल मोजली की दोन ग्राफ काढा. पहिला, प्रति क्षेत्रफळ मोमेंट विरुद्ध कोबाल्टची जाडी. सरळ रेषा यायला पाहिजे. ती शून्यातून न जाता जाडीच्या अक्षाला ०.२-०.३ नॅनोमीटरला कापत असेल तर तेवढा कोबाल्ट मेलेला आहे, ऑक्साइड झालाय किंवा प्लॅटिनममध्ये मिसळलाय. उलट मोमेंट अपेक्षेपेक्षा थोडा जास्त आला तर लगेच चूक समजू नका, कोबाल्टला लागून असलेलं प्लॅटिनम स्वतःही थोडं मॅग्नेटिक होतं.

दुसरा, ॲनिसोट्रॉपी (मॅग्नेटायझेशन आपल्या आवडत्या दिशेला किती घट्ट धरून असतं ते) गुणिले जाडी विरुद्ध जाडी. ॲनिसोट्रॉपी काढायला फिल्मला समांतर फील्ड लावून लूप घ्या, किती फील्डला सॅच्युरेट होतो ते बघा, त्याला मॅग्नेटायझेशननं गुणा आणि निम्मं करा. ही रेषा वरून खाली उतरते. जिथं शून्य ओलांडते तिथं मॅग्नेटिझम उभ्याचा आडवा होतो, प्लॅटिनम-कोबाल्टला बहुधा १ ते १.५ नॅनोमीटरच्या पट्ट्यात. रेषा शून्य जाडीला जिथं पोचते तो आकडा दोन्ही काठांचा मिळून हिस्सा. तो कमी आला तर टँटलमचा थर आणि बेस प्रेशर, या दोन गोष्टी आधी तपासा, पॉवर-बिवर नंतर.

एकदम पातळ टोकाला, अर्ध्या नॅनोमीटरच्या खाली, रेषा वाकते. तिथं कोबाल्ट सलग थर न राहता बेटं-बेटं होतो आणि क्युरी तापमानही खाली येतं. ते पॉइंट फिटमधून काढा पण ग्राफवर ठेवा, कुठून वाकली ते रेफरीला बघायचं असतं.

सॅम्पल न्यायला निघायच्या आधी प्रत्येकाचा एक जोड तुकडा डिपार्टमेंटमध्ये डेसिकेटरमध्ये मागं ठेवा. डब्यांवर मार्करनं नंबर, त्याच नंबरची यादी मोबाईलमध्ये आणि कागदावर दोन्हीकडं, आणि डबी बॅगेत मोबाईल, स्पीकर असल्या मॅग्नेटवाल्या वस्तूंपासून लांब ठेवा. परत आल्यावर तोच जोड तुकडा मोकेवर पुन्हा मोजा. पहिल्या लूपशी जुळला तर फिल्म गंजलेली नाही, मग कोबाल्ट-आयर्न-बोरॉनकडं वळायला हरकत नाही.